बडोद्याच्या घरातला ‘ने’: रमेशने दिले की रमेशला दिले?

दांडिया बाजारात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात मराठी, बालवाडीत आणि शेजारीपाजारी गुजराती. मुलगा मराठी छान बोलतो, पण ‘ही वाटी आजीने दे’, ‘बाबाने सांग ना’ अशी वाक्यं करतो. म्हणायचं असतं आजीला दे, बाबांना सांग. सासूबाई म्हणतात, मुलाची मराठी बिघडली. दीर म्हणतात, काळजी नको, मराठीतला, गुजरातीतला आणि हिंदीतला ‘ने’ एकच आहे, सगळे संस्कृतातल्या ‘रामेण’, ‘देवेन’मधल्या ‘एन’वरून आले. शिवाय जपानी माणसंही वाक्याच्या शेवटी ‘ने’ म्हणतात असं त्यांनी ऐकलंय. यातलं खरं किती, आणि मुलाला सुधारायचं की सोडून द्यायचं?

ताई, मुलाचं आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला बाकीचं निवांत वाचता येईल. मुलाची मराठी बिघडलेली नाही. त्याच्या तोंडी येतो तो ‘ने’ गुजराती आहे आणि गुजरातीच्या नियमाने अगदी अचूक जागी बसलेला आहे. गुजरातीत ‘दादीने आप’ म्हणजे आजीला दे. त्याने शब्द मराठी घेतले आणि प्रत्यय गुजराती लावला. दिरांचं म्हणणं मात्र बरंच तपासून घ्यावं लागेल. मराठी आणि गुजराती मिळून पाच-सहा वेगवेगळी कामं करणारे ‘ने’ आपल्या कानावर रोज पडतात. त्यांतले काही एकमेकांचे नातलग असतील, काहींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

गुजराती दस्तऐवजांचं मराठी आणि मराठीचं गुजराती करणं हा माझा पेशा. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, वाटणीपत्रं, जुन्या पावत्या. या कामात अवघड शब्द फार त्रास देत नाहीत. त्यांच्यासाठी कोश आहेत, आणि बडोद्याला तर त्याची परंपराच आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1931 साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कारभाराच्या शब्दांचा कोश बडोदे संस्थानाने छापला. इंग्रजी संज्ञा, आणि तिच्यासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी अशा भाषांतले पर्याय. कायद्याचा एखादा शब्द अडला तर असा कोश उघडावा आणि पुढे जावं. पण ‘ने’ कुठल्याही शासनकोशात सापडत नाही, आणि पैसे कोणी कोणाला दिले हे तर ‘ने’च ठरवतो.

हे वाक्य पाहा. मूळ गुजराती, मी नागरीत उतरवून देतो: ‘रमेशने सुरेशे रूपिया पांचसो आप्या छे.’ मराठी डोळा ‘रमेशने’ वाचतो आणि तिथेच निवाडा करून मोकळा होतो: रमेशने सुरेशला पाचशे रुपये दिले. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. गुजरातीत देणाऱ्याला नुसता ‘ए’ लागतो, म्हणून ‘सुरेशे’ म्हणजे सुरेशने. आणि घेणाऱ्याला ‘ने’ लागतो, म्हणून ‘रमेशने’ म्हणजे रमेशला. सुरेशने रमेशला पाचशे रुपये दिले आहेत. दोन अक्षरांच्या फरकाने धनको ऋणको होतो.

‘राम’ असता तर मराठीत ‘रामाने’ झालं असतं आणि गुजरातीत ‘रामने’. मधला ‘मा’ पाहून वाचणारा सावध झाला असता. पण रमेश, सुरेश, महेश ही नावं आपण बोलताना सामान्यरूप न करता तशीच ठेवतो: रमेशने, सुरेशला. त्यामुळे दोन्ही भाषांत अक्षरंसुद्धा तंतोतंत तीच दिसतात. असलं वाक्य समोर आलं की मी आधी क्रियापद बघतो, मग ‘ए’ लागलेलं नाव शोधतो, आणि ‘ने’कडे सर्वांत शेवटी वळतो. नव्याने या कामात येणाऱ्यांनाही हाच क्रम शिकवतो. दस्त लिहिणाऱ्यांनी यावर फार पूर्वीच उपाय काढून ठेवलेला आहे. मराठीत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’, गुजरातीत ‘लखी आपनार’ आणि ‘लखावी लेनार’. पक्ष असे नेमून टाकले की कोण कुठल्या बाजूला हे प्रत्ययावर सोडावं लागत नाही. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते.

गुजरातीतला ‘ने’ इथेच थांबत नाही. ‘अने’ म्हणजे आणि, आणि बोलताना त्याचा ‘अ’ गळतो: ‘मगन ने छगन आव्या’, मगन आणि छगन आले. हा ‘ने’ सुटा लिहायचा, आणि कर्माचा ‘ने’ जोडून. घाईत टंकलेल्या कागदात ही मोकळी जागा हमखास चुकते. वारसांच्या यादीत दोन नावांमधला सुटा ‘ने’ आधीच्या नावाला चिकटला की ‘मगन आणि छगन’चं ‘मगनला छगन’ होऊन बसतं. वाक्य लांबलचक असेल, क्रियापद दोन ओळींनंतर येत असेल, तर वाचणारा गोंधळणारच. पुढचा ‘ने’ ‘करीने’, ‘जईने’, ‘खाईने’ यांतला, म्हणजे आपलं करून, जाऊन, खाऊन. आणि सगळ्यांत गोड ‘ने’ वाक्याच्या शेवटी येतो: ‘बेसो ने’, ‘आवशो ने?’, ‘सारुं छे ने?’ आपण ‘बसा ना’, ‘याल ना?’ म्हणतो तेच. बडोद्यातल्या मराठी घरांत ‘येशील ने उद्या?’ असं ऐकू आलं तर तो हा ‘ने’. मला त्यात काही खटकत नाही. आर्जव करायला मिळालेला तो एक जादा सूर आहे.

मराठीचा ‘ने’ याहून वेगळा. तो कर्त्याला लागतो (आजीने दिलं), साधनाला लागतो (सुरीने काप), कारणाला लागतो (तापाने गळून गेला), वाहनाला लागतो (बसने आलो). ‘माझ्याच्याने होत नाही’ यातही तोच. ही कामं गुजरातीत एकट्या ‘ने’ला नेमून दिलेलीच नाहीत. कर्त्याला ‘ए’, साधनाला आणि असमर्थतेला ‘थी’: ‘छरीथी काप’, ‘माराथी थतुं नथी’. म्हणजे मराठीत जिथे ‘ने’ येतो तिथे गुजरातीत तो सहसा येत नाही, आणि गुजरातीत जिथे ‘ने’ येतो तिथे मराठीत ‘ला’ येतो. शेजारच्या दोन भाषांनी एकच ध्वनी घ्यावा आणि त्याला इतकं उलट काम द्यावं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता दिरांच्या ‘एन’कडे येऊ. ही समजूत जुनी आहे आणि वरवर पटण्यासारखी आहे. संस्कृतात ‘देवेन’ म्हणजे देवाने. ‘एन’ची अक्षरं उलटली की ‘ने’. पण शब्दांची कुळं अशी अक्षरं फिरवून काढायची नसतात. मधल्या काळात माणसं काय बोलत होती हे बघावं लागतं, आणि सुदैवाने ते बघायला आपल्याला लांब जायला नको.

पाटण पूर्वी बडोदे संस्थानातच होतं. त्याच पाटणात, तेव्हाच्या अणहिलवाडात, बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयाने व्याकरण लिहिलं. त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृत आणि शेवटी अपभ्रंश, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधल्या काळातली भाषा, येतो. नियम समजावताना त्यांनी लोकांच्या तोंडचे दोहे उदाहरणाला घेतले, त्यांतला एक असा:

जे महु दिण्णा दिअहडा दइएँ पवसन्तेण ।
ताण गणन्तिए अङ्गुलिउ जज्जरिआउ नहेण ॥

विरहिणी म्हणते, प्रवासाला निघताना प्रियकराने मला जे दिवस दिले (इतक्या दिवसांत येतो असं सांगून गेला), ते मोजता मोजता माझी बोटं नखाने झिजून गेली. काय सुंदर दोहा आहे! पण आपल्या कामाचे आहेत त्यातले तीन शब्द. ‘दइएँ’ म्हणजे दयिताने, प्रियकराने. ‘पवसन्तेण’ म्हणजे प्रवासाला जाणाऱ्याने. ‘नहेण’ म्हणजे नखाने. तिन्ही तृतीयेची रूपं, एकाच दोह्यात. दोन ठिकाणी संस्कृतचा ‘एन’ अजून ‘एण’ म्हणून टिकून आहे, आणि एका ठिकाणी तो झिजून नुसता ‘एँ’ झाला आहे. ‘एन’ची वाट कुठे चालली होती ते इथे डोळ्यांनी दिसतं. शेवटचा ‘न’ विरघळत होता आणि उरत होता नाकातला ‘ए’. अक्षरं उलटून ‘ने’ होण्याची खूण इथे कुठेच नाही.

हा ‘एँ’ पुढे कुठे गेला? गुजरातीत तो आजही जिवंत आहे. ‘सुरेशे’, ‘रामे’, ‘छोकरे’ यांतला कर्त्याचा ‘ए’ तोच. मराठीत तो ज्ञानेश्वरांच्या काळी होता: ‘आता विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें’. 1290 मधली ही मराठी. ‘देवें’ म्हणजे देवाने, ‘वाग्यज्ञें’ म्हणजे वाग्यज्ञाने. दोन्हींत ‘ने’ नाही, झिजलेला ‘एन’ आहे. म्हणजे संस्कृतच्या ‘एन’चा खरा वारस आजच्या बडोद्यात शोधायचा तर तो ‘सुरेशे’मध्ये सापडेल, ‘रमेशने’मध्ये नाही. ‘येणें’ हे रूपही लक्षात ठेवा. आजही आपण अर्जात ‘येणेप्रमाणे’ लिहितो आणि बोलताना ‘जेणेकरून’ म्हणतो. ‘या’, ‘जे’ या सर्वनामांच्या तृतीयेची ही जुनी रूपं. नामांमधून गळालेला तो अनुनासिक व्यंजनाचा अंश या दोन-चार शब्दांत गोठून राहिलेला आहे.

अपभ्रंशाच्या अभ्यासात बडोद्याचा वाटा मोठा आहे. गायकवाड ओरिएंटल सिरीज 1916 साली राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने सुरू झाली. तिच्यात 1923 साली धनपालाची ‘भविसयत्तकहा’ ही अपभ्रंशातली कथा निघाली. ती चि. डा. दलाल यांनी हाती घेतली होती. त्यांच्या निधनानंतर पुण्याचे पांडुरंग दामोदर गुणे यांनी ती पुरी केली, आणि छापून बाहेर आली तेव्हा गुणेही हयात नव्हते. एक गुजराती आणि एक मराठी विद्वान, आणि त्यांच्यामध्ये दोघांच्या भाषांच्या आधीची भाषा. आपल्या ‘ने’सारख्या प्रश्नांची उत्तरं असल्या ग्रंथांमुळेच देता येतात. ओरिएंटल इन्स्टिट्यूटच्या वाटेला दिरांना एकदा घेऊन जा.

मग मराठीत ‘देवें’ जाऊन ‘देवाने’ कुठून आलं? इथे अभ्यासकांचं एकमत नाही, पण एक खूण मला निर्णायक वाटते, आणि ती प्रत्येक मराठी माणसाला तपासून बघता येते. ‘ने’ हा ‘देव’ला लागत नाही, ‘देवा’ला लागतो: देवा-ने, देवा-ला, देवा-शी, देवा-चा. हा मधला ‘देवा’ म्हणजे सामान्यरूप, आणि ते संस्कृतच्या ‘देवस्य’मधून, प्राकृतच्या ‘देवस्स’मधून आलेलं आहे. म्हणजे ‘देवाने’ याच्या पोटात आधीच एक विभक्ती बसलेली आहे. ‘एन’ थेट चालत आला असता तर तो ‘देव’ला लागून ‘देवें’ झाला असता, आणि तसा तो झालाही होता. दुसऱ्या विभक्तीच्या पाठीवर बसणारा प्रत्यय हा मूळचा सुटा शब्द असतो. ‘देवाच्या घरी’, ‘देवाजवळ’, ‘देवापाशी’ यांत सुटे शब्द जसे नामाला लागतात, तसाच तोही कधीतरी लागला आणि झिजत झिजत एका अक्षरावर आला. ‘ला’चंही तसंच. जुन्या मराठीत ‘तुजलागीं’, ‘देवालागीं’ होतं, आणि ‘ला’ हा त्या ‘लागीं’चा अवशेष, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

गुजराती ‘ने’ कुठल्या सुट्या शब्दाचा अवशेष आहे याचं एक उत्तर मला फार आवडतं. ते लुइजी पिओ तेस्सितोरी या इटालियन विद्वानाचं. हा माणूस 1914 मध्ये भारतात आला, राजस्थानच्या चारणांच्या, म्हणजे भाट-कवींच्या, पोथ्यांमागे उन्हातान्हात फिरला आणि 1919 मध्ये बिकानेरला वारला, वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. जुन्या पश्चिमी राजस्थानीचं, म्हणजे गुजराती आणि मारवाडी फुटण्याआधीच्या भाषेचं व्याकरण त्याने लिहिलं. त्याच्या मते ‘ने’ हा ‘कन्हइं’ या जुन्या शब्दातून आला, अर्थ ‘जवळ’, आणि ‘कन्हइं’ हा संस्कृतच्या ‘कर्ण’मधून. कर्ण म्हणजे कान. कानाशी म्हणजे बाजूला, बाजूला म्हणजे जवळ, जवळ म्हणजे कडे, कडे म्हणजे ला. कुठल्याही गुजराती आजीला विचारा, ‘कने’ म्हणजे काय? ‘मारी कने आव’ म्हणजे माझ्याजवळ ये. पहिलं अक्षर गळलं की उरतो ‘ने’. तुमचा मुलगा ‘आजीने दे’ म्हणतो तेव्हा, तेस्सितोरीचं खरं धरलं तर, वाटी आजीच्या कानाशी नेऊन ठेवा असं काहीतरी फार जुनं बोलत असतो.

हिंदीचा ‘ने’ या दोघांच्या मधला दुवा ठरतो. कामाला तो मराठीसारखा: ‘रमेश ने दिया’. पण हिंदी मुलखाच्या पूर्वेला, अवधीत आणि भोजपुरीत, तो मुळी नाहीच. तो आहे पश्चिमेकडे. आणि पश्चिमेला राजस्थानीत ‘ने’ म्हणजे ‘ला’, गुजरातीसारखाच. दोन्हींच्या मधोमध हरियाणवी: तिथे ‘मन्नै’ म्हणजे ‘मी (केलं)’ही आणि ‘मला’ही. एकाच रूपात देणाराही आणि घेणाराही. म्हणून हिंदीतला कर्त्याचा ‘ने’ हा पश्चिमेकडचा ‘ला’ या अर्थाचाच ‘ने’ आहे, त्याने नंतर कर्त्याचं काम घेतलं, असं अनेक अभ्यासक मानतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण आपणही ‘मला जायचंय’ म्हणतो. जाणारा मीच, आणि तरी मला ‘ला’ लागतो. दिल्लीकडे तेच ‘मैंने जाना है’ होतं. करणारा आणि मिळणारा यांच्यातली सीमा आपल्या सगळ्याच भाषांत अशी सरकत आलेली आहे.

तेव्हा दीर पूर्ण चुकीचे नाहीत. गुजराती ‘ने’ आणि हिंदी ‘ने’ हे बहुधा एकाच घरातले. मराठी ‘ने’ त्यांचा चुलतभाऊ असू शकेल. पण त्यांचं घर ‘एन’ नव्हे.

गुजरातीचा ‘आणि’वाला ‘ने’ मात्र या घरातला अजिबात नाही. ‘अने’ची जुनी रूपं ‘अनइ’ अशी मिळतात, आणि ते संस्कृतच्या ‘अन्य’ या शब्दाचं कूळ. त्याचा मराठी भाऊ कोण? खुद्द ‘आणि’. जुन्या मराठीत ‘आन’ म्हणजे दुसरा, आणि ‘आणिक’ आपण अजून म्हणतो. ‘मगन ने छगन’ आणि ‘मगन आणि छगन’ ही एकच वाक्यं आहेत, झीज तेवढी निराळी. ‘करीने’ आणि ‘करून’ यांचं तसं नाही. ‘करून’मधला ‘ऊन’ महाराष्ट्री प्राकृतच्या ‘काऊण’सारख्या रूपांतला ‘ऊण’, आणि ‘करीने’त ‘करी’ हे रूप निराळं, त्याला ‘ने’ नंतर जोडलेला. अर्थ एक, बांधणी वेगळी.

एक ‘ने’ आपण हमखास विसरतो, कारण तो प्रत्यय नाही. ‘हा डबा ने.’ नेणे या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप. हा संस्कृतच्या ‘नी’ धातूचा, आणि या धातूचा पसारा बघण्यासारखा आहे. नेता, नायक, नीती, विनय, अभिनय, परिणय (अग्नीभोवती नेणं), अगदी नयनसुद्धा. ‘आ’ लावला की उलटी दिशा: आनयति, त्याचं मराठी ‘आणणे’. नेणे आणि आणणे एकाच धातूची, म्हणून ‘ने-आण’ हा आपला जोडशब्द इतका घट्ट आहे. गुजरातीने यातलं ‘नेणे’ सोडून दिलं (तिथे ‘लई जवुं’), पण ‘आणवुं’ ठेवलं, आणि मुलीला माहेरून सासरी समारंभाने आणतात त्याला ‘आणुं’ म्हणतात. बडोद्यात गुजराती लग्नाला गेलात तर हा शब्द नक्की कानावर येईल. संतांच्या ‘मी नेणें’शी मात्र याचा संबंध लावू नका. तो ‘न जाणें’ आहे, मला कळत नाही या अर्थाचा, ‘नेणता’मधला.

जपानीचं आता सांगतो. होय, जपानीत वाक्याच्या शेवटी ‘ने’ येतो आणि ‘नाही का?’, ‘हो ना?’ अशा अर्थाचा असतो. आपल्या ‘सारुं छे ने?’शी तो हुबेहूब जुळतो, आणि तरीही नातं शून्य. इतक्या छोट्या शब्दाला जगात जोडीदार मिळाले नाहीत तरच नवल. चिनीत वाक्याच्या शेवटी ‘न’ आणि ‘ने’च्या मधला एक ध्वनी येतो, ‘आणि तुझं काय?’ अशा प्रश्नात. कोरियनमध्ये ‘ने’ म्हणजे होय. ग्रीकमध्येही ‘ने’ म्हणजे होय, आणि ग्रीसला लागून असलेल्या बल्गेरियात ‘ने’ म्हणजे नाही. तुर्कीत ‘ने’ म्हणजे काय, फिनिशमध्ये ‘ने’ म्हणजे ते, हंगेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे नको. कन्नडमध्ये क्रमवाचकाला ‘ने’ लागतो, ‘एरडने’ म्हणजे दुसरा. पोर्तुगीज लोक बोलताना सारखं ‘ने?’ म्हणतात, पण तो ‘नाउं ए’ म्हणजे ‘नाही का’ याचा आखडलेला उच्चार.

या गर्दीत खरं नातं एका कुळाचं सापडतं, नकाराचं. बल्गेरियन, सर्बियन, चेक आणि लिथुआनियनचा ‘ने’, लॅटिनचा ‘ने’, फ्रेंचांचा अर्धवट उच्चारलेला ‘न’ आणि संस्कृतचा ‘न’ हे सगळे एका मूळ भाषेतल्या नकारार्थी शब्दाचे वंशज. आपले न, नाही, नको त्याच रांगेतले. हे नुसत्या आवाजावरून ठरलेलं नाही. या भाषांत शेकडो शब्द ठरावीक नियमाने जुळतात, जुने लेख मिळतात, आणि प्रत्येक ठिकाणी शब्दाचं कामही तेच राहतं. जपानी ‘ने’ला यातलं एकही प्रमाण लागू होत नाही. पूर्वीच्या रूपाचा आणि आजच्या कामाचा मेळ बसल्याशिवाय मी कुठल्याही एकाक्षरी शब्दाचं नातं मानत नाही, आणि तुम्हीही मानू नये असं मनापासून वाटतं. समाजमाध्यमांवर ‘अमुक भाषेतला तमुक शब्द आपलाच’ म्हणून जे फिरतं, त्यातलं बरंचसं या एका कसोटीवर गळून पडतं.

आता मुलाचं. त्याला ‘चुकलं’ म्हणू नका, कारण तो गुजरातीत चुकलेला नाही, आणि उद्या शाळेत ‘टीचरने आप’ हे त्याला बरोबर म्हणता यायला हवं. ‘आजीला म्हण’ असं नुसतं सांगूनही फार उपयोग होत नाही. माझा अनुभव असा, की देणारा आणि घेणारा दोघंही एकाच वाक्यात असले की मुलं पटकन पकडतात. ‘बाबांनी आजीला वाटी दिली. आता आजीने बाबांना दिली.’ वाटी हातात घेऊन खेळायचं, दोन्ही दिशांनी, आणि प्रत्येक वेळी वाक्य त्याच्याकडून पुरं करून घ्यायचं. तो ‘आजीने’ म्हणाला आणि त्याला आजीला द्यायची असेल, तर वाटी आजीकडून काढून घ्या. आजीने दिली म्हटलंस ना, म्हणून. ते त्याला चांगलं समजतं. मग तेच गुजरातीत: ‘पप्पाए दादीने वाटकी आपी.’ दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या की ‘ए’ आणि ‘ने’, ‘ने’ आणि ‘ला’ या जोड्या त्याच्या कानात वेगळ्या पडतील.

‘मी’च्या बाबतीत तुमचं काम सोपं आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हिंदीच्या ‘मैंने’मुळे ‘मीने केलं’ म्हणणारी मुलं भेटतात. गुजरातीत ‘में कर्युं’ असल्याने बडोद्यातल्या मुलांना तो मोह होत नाही. थोडा मोठा झाला की एक गोष्ट मात्र बघा. गुजरातीत ‘रामे सीताने जोई’ म्हणतात, ‘ने’ लागूनसुद्धा क्रियापद सीतेप्रमाणे स्त्रीलिंगी. मराठीत ‘रामाने सीतेला पाहिलं’, तिथे ‘ला’ आला की क्रियापद नपुंसकलिंगी. ‘मी ताईला पाहिली’ असं ऐकू आलं तर त्याचं मूळ तिथे असू शकतं. पण हे सातव्या-आठव्या वर्षी बघायचं, आत्ता वाटीचा खेळ पुरे. आणि ‘आवशो ने?’सारखा तो तुम्हाला ‘येशील ने?’ म्हणाला, तर त्याला हात लावू नका.